आमच्याकडे हत्ती असायचे

आमच्या नानांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे : "आमच्याकडे हत्ती असायचे." नाना म्हणजे माझे काका. वय पंच्याऐंशी, मुक्काम देवास, थोरली पाती. पाती म्हणजे संस्थानाची शाखा. संस्थान विलीन होऊन पाऊण शतक उलटलं, तरी नाना पत्ता सांगताना पाती सांगतात आणि पिन कोड विचारला की रागावतात. हे वाक्य ते कुठेही बसवू शकतात. शेजाऱ्यांनी मोटार घेतली, समोरच्यांनी कुत्रा पाळला, विजेचं बिल जास्त आलं, काहीही होवो; झोपाळ्याची एक कडी कुरकुरते आणि आवाज येतो, "आमच्याकडे हत्ती असायचे." किती हत्ती? ते सांगत नाहीत. कधीपासून कधीपर्यंत? तेही नाही. आमचं घर दोन खणांचं, दारातून कपाट आडवं करून आत न्यावं लागतं. मग हत्ती बांधायचे कुठे? हा प्रश्न विचारणाऱ्याला नाना त्या दिवशी पोह्यांवर शेव देत नाहीत.

मी आजवर ही नानांची सवय समजत होतो. गेल्या पावसाळ्यात कळलं की हा एक काळ आहे, त्याला रीतसर नाव आहे, आणि तो फ्रेंच लोक शाळेत शिकवतात.

त्याचं असं झालं. माझी पुतणी पिथमपूरला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पिथमपूर धार जिल्ह्यात. म्हणजे मुलगी देवासची आणि पगार धारचा, हेच नानांना पचायला वर्ष लागलं. त्यात तिला कंपनीच्या कामासाठी फ्रान्सला जायची संधी आली. तिने ऑनलाइन फ्रेंच शिकायला घेतलं. नेट फक्त बाहेरच्या खोलीत नीट चालतं. त्यामुळे संध्याकाळी सात ते आठ लॅपटॉप जेवायच्या टेबलावर, पुतणी खुर्चीवर, नाना झोपाळ्यावर आणि मी चहाच्या निमित्ताने दोघांच्या मधोमध, असा आमचा वर्ग भरू लागला. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. मुलं त्यांना 'मादाम' म्हणत. नानांना नुसतं मादाम म्हणणं उद्धटपणाचं वाटे, म्हणून ते 'मादामबाई' म्हणत.

एके दिवशी मादामबाईंनी अँपार्फे काढला. शब्दाचा अर्थच 'अपूर्ण'. त्या म्हणाल्या, "ज्या गोष्टीची सुरुवात कधी झाली आणि शेवट कधी झाला हे सांगायचं नाही, नुसती ती चालू होती किंवा नेहमी घडायची एवढंच सांगायचं, तिथे हा काळ वापरा. लहानपणीच्या आठवणी, जुनी घरं, सवयी, वर्णनं..."

मी नानांकडे पाहिलं. नाना डोळे मिटून झुलत होते. पंच्याऐंशी वर्षं हा माणूस एकाच काळात राहत होता आणि आम्ही त्याला विसरभोळा म्हणत होतो.

हा काळ बनवायची कृती सोपी आहे. मादामबाईंनी ती कांदाभजीच्या कृतीसारखी सांगितली. क्रियापदाचं वर्तमानकाळातलं 'नू'चं रूप घ्या. नू म्हणजे आम्ही. त्याचं शेवटचं 'ओं' कापा. उरलेल्या खोडाला नवे प्रत्यय लावा. बोलणे या क्रियापदाचं 'आम्ही'चं रूप 'नू पार्लों'. ओं गेला, 'पार्ल' उरला. त्याला 'ए' लावला. "म्हणा, ज पार्ले. मी बोलत होतो."

पुतणी मोठ्याने म्हणाली, "ज पार्ले."

झोपाळ्यावरून आवाज आला, "मलाही दोन आण. चहात बुडवायला."

पुतणीने हसून पुडा आणून दिला. नंतर लक्षात आलं की तो फ्रेंच शब्दच होता, फक्त जी आधी आला होता.

पण मला खरी गंमत वाटली ती कृतीच्या पहिल्याच पायरीची. भूतकाळ बनवायचा तर आधी 'आम्ही' घ्यावं लागतं! 'मी' चालत नाही, 'तो' चालत नाही. फ्रेंच व्याकरणकारांनी हा नियम माळव्यात येऊन केला असावा. आमच्याकडे एकवचनी भूतकाळ नाहीच. नानांचे वडील थोरल्या पातीच्या खाजगीकडे कारकून होते; रोज सकाळी जात, हिशेबाच्या वह्या लिहीत, संध्याकाळी येत. पण नाना सांगताना "आम्ही दरबारात जायचो" असंच सांगतात. हत्ती महाराजांचे, "आमच्याकडे असायचे." तोफा संस्थानच्या, "आमच्याकडे पंधरा वाजायच्या." आधी आम्ही घ्यायचं आणि मग त्याचं शेपूट कापायचं. शेपूट म्हणजे पुरावा.

प्रत्ययांचाही एक थाट आहे. सहा रूपं. त्यांतली चार उच्चाराला अगदी एक : मी, तू, तो आणि ते, चौघांनाही 'पार्ले'. लिहिताना मात्र मी आणि तू सारखे, बाकीच्यांची ऐट वेगळी. 'ते'च्या रूपाला शेवटी पाच अक्षरं जोडायची आणि तोंडाने म्हणायचं नुसतं 'ए'. पुतणी वैतागली, "काका, पाच अक्षरं लिहून एकच काढायचं, ही कसली भाषा?" मी म्हटलं, अगं, यात नवं काय? आपल्या देवासच्या महाराजांचं नाव कागदावर लिहायचं तर हिज हायनेस, महाराजा, सर, तुकोजीराव तिसरे, पवार, अशी ओळ भरायची. आणि हाक मारायची ती 'बापूसाहेब'. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली त्यांचा खाजगी चिटणीस म्हणून देवासला राहिला. पुढे १९५३ साली त्याने त्या दिवसांवर 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढलं. त्यातही महाराज बापूसाहेबच आहेत. लिहायचं सगळं, म्हणायचं थोडं. फ्रेंच आणि संस्थानी रिवाज एकच.

काही क्रियापदांत एखादं अक्षर जास्तीचं ठेवावं लागतं. खाणे या क्रियापदात ते विसरलं तर 'ज'चा उच्चार 'ग' होतो. मादामबाईंनी हे सांगताच माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. बायको धारची. "ज चा ग काय घेऊन बसलात? आमच्या धारला ध चा मा करणाऱ्या आनंदीबाई स्वतः येऊन राहिल्या होत्या."

आता धारचं माहेर मध्ये आलं म्हणजे वर्ग पंधरा मिनिटं थांबणार. पण तिचं म्हणणं खोटं नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर, राघोबादादांची धावाधाव चालू असताना, आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आसऱ्याला होत्या, आणि तिथेच १७७५च्या जानेवारीत दुसरा बाजीराव जन्मला. 'ध चा मा' हा पुढच्यांनी त्यांच्या नावावर चढवलेला डाग असेलही. पण अक्षर बदलल्याचा आळ जिच्यावर आला, त्या बाईला आसरा मिळाला तो नेमका ध पासून सुरू होणाऱ्या गावात, याला काय म्हणावं?

मादामबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. आता यात अँपार्फे कुठला आणि पासे कोंपोझे कुठला?"

पासे कोंपोझे हा फ्रेंचांचा दुसरा भूतकाळ. घडून गेलेल्या, संपलेल्या, एका घटनेचा. त्यांच्या गोष्टीत हे दोघं कायम जोडीने असतात. अँपार्फे मागचा पडदा रंगवतो : पाऊस पडत होता, दिवा जळत होता, आनंदीबाई किल्ल्यात राहत होत्या. मग पासे कोंपोझे दार ढकलून आत येतो : बाजीराव जन्मला. पहिल्यात कितीही वेळ रमावं, कथा पुढे सरकत नाही. दुसरा आला की सरकते. बाजीराव जन्मला, आणि १८१८ साली पेशवाई गेली. 'जन्मला' आणि 'गेली' या दोन क्रियापदांत सगळं आटोपलं.

मराठीत हे काम आपण कितीतरी रूपांवर वाटून दिलं आहे. मी शाळेत जात होतो. मी शाळेत जात असे. मी शाळेत जायचो. शिवाय जुन्या पुस्तकांतलं ते देखणं रूप : आजी पहाटे उठे, दळण दळी, मग देवळात जाई. मोरो केशव दामल्यांनी, म्हणजे केशवसुतांच्या भावाने, १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं आणि या रूपांना ताख्यात, ई-आख्यात, चाख्यात अशा नावांनी ओळीत उभं केलं. शाळेत आपण त्यातलं अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ एवढं पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. फ्रेंचांनी हा सगळा पसारा एका 'ज पार्ले'त कोंबला. बोलत होतो, बोलत असे, बोलायचो, बोले : चौघांना एकच बिस्किट.

याने घोटाळा होत नाही का? होतो, पण तो गोड असतो. "काल रात्री दहा वाजता काय करत होतात?" असं बायकोने विचारलं, तर मराठीत "पत्ते खेळत होतो" म्हटलं की पकडलं जातं, आणि "पत्ते खेळायचो" म्हटलं तर ती तरुणपणाची आठवण होते. फ्रेंच नवऱ्याला दोन्हीसाठी एकच रूप. तो बिचारा निसटत असेल की जास्तच अडकत असेल, हे विचारायला मला मादामबाईंसमोर संकोच वाटला.

बरं, हा काळ फक्त आठवणींपुरताही नाही. फ्रेंच माणसाला काही मागायचं असलं की तो 'मला विचारायचं होतं' अशी सुरुवात करतो. वर्तमानातली गरज भूतकाळाच्या शालीत गुंडाळून पुढे करतो, म्हणजे ती टोचत नाही. हे ऐकून मी चकित झालो, कारण त्याच संध्याकाळी शेजारचे काका दारात उभे होते : "जरा एक काम होतं." होतं! काम आत्ता आहे, शिडी आत्ता हवी आहे, माळ्यावर मांजर व्यायली आहे. पण म्हणायचं 'काम होतं'. जणू ते काम पूर्वी कधीतरी होतं, आता त्याचं काही नाही, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मग शिडी घेऊन जाईपर्यंत उभे. माळव्यातला अँपार्फे असा शिडीवरून चढतो.

आणि 'तर'? फ्रेंचांत 'पैसे असते तर' म्हणायचं तरी हेच रूप. म्हणजे जे पूर्वी नेहमी असायचं आणि जे असतं तर बरं झालं असतं, या दोन्ही गोष्टी एका साच्यातून काढायच्या. हे कळल्यावर मला नानांचा हत्ती एकदम स्पष्ट दिसला. परवा पेट्रोलचा भाव ऐकून ते म्हणालेच होते, "आज हत्ती असते तर..." आणि तीनच मिनिटांनी, "आमच्याकडे हत्ती असायचे." 'असते' आणि 'असायचे' यांच्यातली भिंत मराठीत पातळ आहे, फ्रेंचांनी ती पाडूनच टाकली.

या काळावर फ्रेंच लेखकांचाही फार जीव. मार्सेल प्रूस्तने १९२० साली फ्लोबेरच्या शैलीवर एक लेख लिहिला, त्यात फ्लोबेर हा अपूर्ण भूतकाळ कसा वापरतो याचंच कौतुक आहे. स्वतः प्रूस्तने तर त्याच्यावर बस्तानच मांडलं. १९१३ साली आलेल्या त्याच्या कादंबरीच्या पहिल्या भागात नायक मादलेन नावाचा छोटा केक चहात बुडवून खातो, आणि त्या चवीसरशी लहानपणी आत्या असाच केक बुडवून द्यायची ते घर, तो बगीचा, तो सगळा गाव पेल्यातून वर येतो. मग पानंच्या पानं : आम्ही जायचो, आत्या म्हणायची, घंटा वाजायची. मादामबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी वळून पाहिलं. नानांनी पार्लेचं बिस्किट कपात बुडवलं होतं. ते अर्धं तुटून तळाला गेलं होतं आणि नाना चमच्याने देवास संस्थान वर काढत होते.

देवास हे गाव मुळात या काळासाठीच वसवल्यासारखं आहे. मराठीतल्या कहाण्या 'आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता' अशा सुरू होतात. फ्रेंच परीकथेची सुरुवातही 'होता'नेच होते, आणि त्यांचं 'होता' म्हणजे 'एते'. आपलं 'होते', त्यांचं 'एते'. त्यांना ह म्हणता येत नाही, तेवढाच फरक. पण आमच्या आटपाट नगरात मात्र दोन राजे होते. थोरल्या बाजीरावाच्या वेळी माळव्यात आलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोन भावांनी ही गादी मिळवली. पुढे तिच्या दोन पात्या झाल्या. दोन वाडे, दोन दरबार, दोन कारभार. मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, दुसरी दुसऱ्या पातीची. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थासुद्धा वेगवेगळी. वर टेकडीवर देवीही दोन, मोठी माता आणि छोटी माता. इंग्रजांनी तोफांची सलामी ठरवली तीही तोलून : थोरल्या पातीला पंधरा, धाकट्या पातीला पंधरा. आणि पवारांची आणखी एक गादी धारला, तिलाही पंधरा. त्यामुळे माझ्या लग्नात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी जेवायला बसली, तेव्हा तोफांचा हिशेब बरोबरीत सुटला आणि मग भांडण जिलबीवर गेलं.

१९४८ साली सगळी संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. हे वाक्य पासे कोंपोझेतलं. म्हणूनच ते आमच्या घरात कोणी म्हणत नाही. घरात फक्त 'असायचं' चालतं. दसऱ्याला स्वारी निघायची. नगारा वाजायचा. खाजगीतून पानसुपारी यायची. यातली एकही गोष्ट संपल्याचं नाना सांगत नाहीत, आणि खरं सांगायचं तर संपल्याचं न सांगणं ही माणसाला मिळालेली मोठीच सोय आहे.

पण इतिहासाला ही सोय नसते. आमच्या बापूसाहेबांचंच बघा. हौसेचा, गोड स्वभावाचा राजा. गोकुळाष्टमी अशी करायचे की फॉर्स्टर ती आयुष्यभर विसरला नाही. 'अ पॅसेज टू इंडिया'च्या शेवटच्या भागातला उत्सव तिथूनच आला. वाडे बांधायचे, ते पुरे होत नसत. खर्च व्हायचा, तोही पुरा होत नसे. सगळं अँपार्फेत छान चाललं होतं. मग १९३०च्या दशकात संस्थान कर्जात बुडालं, सरकारचा तगादा लागला, आणि महाराज देवास सोडून गेले. कुठे गेले? जिथे इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता तिथे, पाँडिचेरीला. फ्रेंचांच्या मुलखात! १९३७ साली तिथेच वारले. देवासचा आणि फ्रेंचांचा खरा संबंध काय, असं कोणी विचारलं तर तो हा. आमचा राजा आपला अपूर्ण भूतकाळ घेऊन त्या काळाच्या माहेरी गेला आणि परत आला नाही.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा नाना झोपाळा थांबवून म्हणाले, "गेले नाहीत. यात्रेला जात होते."

जात होते! अँपार्फे. मादामबाईंनी मान डोलावली.

देवासमध्येच या दोन काळांचं आणखी एक उदाहरण आहे आणि ते मला सगळ्यांत आवडतं. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पुढची काही वर्षं ते अंथरुणावर होते. खिडकीबाहेर मालवी बाया गात जायच्या, ते ऐकायचे. सणावाराची, लग्नाची, पावसाची गाणी. ऐकायचे, मनात ठेवायचे. आणि मग एक दिवस गायले. त्या 'ऐकायचे'शिवाय ते 'गायले' आलं नसतं. पुढचं सगळं, ते निर्गुणी भजन, ते 'मालवा की लोकधुनें', त्या गप्प बसलेल्या वर्षांच्या पोटातून आलं. ही गोष्ट ऐकून पुतणी पहिल्यांदा म्हणाली, "हां, आता कळला फरक." व्याकरणाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधीतरी देवासला यायला हवं.

दिवाळीत आम्ही धारला सासुरवाडीला गेलो. तिथे मेव्हण्याने, फ्रेंच वगैरेची कीर्ती कानावर गेल्यामुळे, एक जुनं पुस्तक काढून त्यातलं छायाचित्र आमच्यापुढे ठेवलं. "तुमच्या फ्रेंचांनी प्रत्यय कागदावर लिहिले. आमच्या धारला दगडात कोरलेत." आणि खरंच तसं होतं. धार संस्थानात शिक्षणखात्याचे अधिकारी असलेल्या काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३च्या सुमारास भोजशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कमाल मौला मशिदीतले कोरीव लेख उजेडात आणले. त्यांत नागबंध आहेत : वेटोळी घातलेला साप, आणि त्या वेटोळ्यांच्या चौकटींत संस्कृतची वर्णमाला आणि नामांचे आणि क्रियापदांचे प्रत्यय. परमारांच्या काळातले. त्या वास्तूवर सध्या वर्तमानकाळच फार तापलेला आहे, म्हणून आपण प्रत्ययांपाशीच थांबलेलं बरं. पण कल्पना करा, नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी कारागीर छिन्नी घेऊन बसला होता आणि काळ कोरत होता, आणि सापाच्या शेपटीकडे पोचेपर्यंत त्याला कुठला प्रत्यय चुकवून चालणार नव्हतं. आम्हाला कागदावर सहा प्रत्यय जड जात होते.

मेव्हणा संस्कृतचा मास्तर. त्याने पुढे सांगितलं की संस्कृतला भूतकाळ तीन. त्यातला एक आजच्या आधीचा, म्हणजे कालचा, परवाचा. आणि एक परोक्ष : जे बोलणाऱ्याने स्वतः पाहिलं नाही त्याचा. "आपण पाहिलं नसेल, तर त्या काळात बोलायचं. नियम आहे."

पुतणीने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बायको म्हणाली, "हा नियम देवासला कोणी नेऊ नका. तिकडे कोणी बोलणारच नाही."

मग आला सत्राचा शेवटचा गृहपाठ. 'तुमच्या घरातल्या वयस्क माणसाला विचारून त्यांच्या लहानपणाबद्दल दहा वाक्यं लिहा. नऊ अँपार्फेत आणि एक पासे कोंपोझेत.' पुतणी वही घेऊन झोपाळ्यापाशी बसली. पहिली नऊ वाक्यं नानांनी दम न घेता दिली. आम्ही थोरल्या पातीत राहायचो. सकाळी टेकडीवर जायचो. दसऱ्याला स्वारी निघायची. आमच्याकडे हत्ती असायचे. त्यांना सोन्याचांदीची झूल असायची. मुलं मागून पळायची...

"नाना, आता एक पासे कोंपोझेचं. एकदाच घडलेलं. संपलेलं."

झोपाळा थांबला. कडीचा आवाज बंद झाला तेव्हा लक्षात आलं की तो एरवी किती होत असे.

"एकदाच?"

"हो. एकदाच, आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं."

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लिही. मी हत्ती एकदाच पाहिला."

कोणी काही बोललं नाही. पुतणीने लिहून घेतलं.

"दसरा होता," नाना म्हणाले. "वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं. मी सहा-सात वर्षांचा असेन. रस्त्याच्या आपल्या बाजूला आम्ही उभे होतो. समोरून हत्ती आला, माझ्याकडे पाहिलं, आणि गेला."

"मग 'असायचे' का म्हणता, नाना?" तिने विचारलं.

नानांनी तिच्याकडे अशा दयेने पाहिलं की मला मादामबाईंची आठवण झाली. "अगं, एकदा पाहिला, पण पुढे रोज आठवायचा ना. मग झाले की नाही हत्ती पुष्कळ?"

पायाने त्यांनी झोपाळ्याला पुन्हा गती दिली. कडी कुरकुरली. आणि मग, आवाज जरा खाली आणून, म्हणाले, "आणि हे लिहू नकोस. तो धाकट्या पातीचा होता."

पुतणीला गृहपाठात दहापैकी साडेनऊ मिळाले. अर्धा गुण 'असणे' या क्रियापदात गेला. फ्रेंचमधलं हे एकच क्रियापद अँपार्फेचा नियम पाळत नाही. त्याच्या 'आम्ही'च्या रूपाला कापायला 'ओं' नसतोच, म्हणून त्याचं खोड वेगळं घ्यावं लागतं. बाकी कुठलंही क्रियापद घ्या, नियमाने चालतं.

तुमच्या घरीही कोणीतरी झोपाळ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून 'आमच्याकडे असायचे' म्हणत असेल. हत्ती नसतील, आंब्याची झाडं असतील, गडी-माणसं असतील, पाच रुपये तोळा सोनं असेल. त्यांना पुरावा मागू नका. चहा द्या, बिस्किट द्या, नऊ वाक्यं होऊ द्या. दहावं वाक्य मात्र जरूर विचारा, आणि विचारायला फार उशीर करू नका.